इपॉक्सी फरशीचे पथ्यपाणी

डोंबिवली, प्रतिनिधी

मानपाडा रस्त्यावरील एखाद्या शोरूममध्ये, कल्याण-शीळ मार्गावरील वाहनदुरुस्ती केंद्रात, एमआयडीसीतील औषधनिर्मिती कारखान्यात किंवा गल्लीतल्या रक्तचाचणी प्रयोगशाळेत पाऊल टाकले की हल्ली अनेकदा पायाखाली सांधे नसलेली, आरशासारखी चकाकणारी एकसंध फरशी लागते. हीच इपॉक्सीची फरशी. ती घालून देणारा कंत्राटदार बहुधा एकच वाक्य सांगून जातो : 'नुसत्या पाण्याने पुसत राहा, दहा वर्षे बघायला नको.' गाळेधारकही त्यावर विश्वास ठेवतो. मग एक-दोन पावसाळे उलटतात, दारापासून गल्ल्यापर्यंतचा पट्टा निस्तेज होतो, कोपऱ्यात फोड येतात, एखाद्या ठिकाणी पोपडा निघून खालचा करडा कोबा दिसू लागतो आणि दोषारोपांची फेरी सुरू होते. कंत्राटदार सफाई कामगाराकडे बोट दाखवतो, मालक कंत्राटदाराकडे. दोघेही थोडेथोडे बरोबर असतात.

या फरशीचे आजार साधारणपणे दोन वाटांनी येतात. एक खालून, म्हणजे जमिनीतील ओलीमुळे. दुसरा वरून, म्हणजे चुकीच्या बादलीमुळे आणि चुकीच्या बाटलीमुळे. पहिल्यावर फरशी घालण्यापूर्वीच उपाय करावा लागतो. दुसऱ्यावरचा उपाय रोजचा आहे आणि तो महागडाही नाही. मात्र तो ज्याच्या हाती पोतेरे असते, त्याला कोणी सांगितलेला नसतो.

दोन नळ्यांचे रसायन

इपॉक्सी म्हणजे काय, हे समजण्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. फुटलेल्या वस्तू सांधण्यासाठी घरात 'ॲराल्डाइट'च्या दोन नळ्या ठेवलेल्या असतात. एकीत राळ, दुसरीत हार्डनर. दोन्ही एकत्र कालवले की उष्णता निर्माण होते आणि काही तासांत दगडासारखा पदार्थ तयार होतो. तो पुन्हा वितळवता येत नाही. स्वित्झर्लंडमधील पिएर कास्तान हे दातांच्या कवळीसाठी योग्य पदार्थाचा शोध घेत असताना १९३० च्या दशकाच्या अखेरीस या राळेपर्यंत पोहोचले. पुढे 'सिबा' कंपनीने १९४६ मध्ये ॲराल्डाइट बाजारात आणले. फरशीचे इपॉक्सी हे याच कुळातले. दातासाठी शोधलेली वस्तू पायाखाली आली, एवढाच तिचा प्रवास.

या फरशीचेही प्रकार आहेत आणि देखभाल प्रकारानुसार बदलते. केवळ रंगासारखा लेप दिला असेल तर त्याची जाडी मिलिमीटरचा काही अंशच असते. स्वतःहून सपाट होणारा, ओतून पसरवलेला थर साधारणपणे २ ते ३ मिलिमीटरचा असतो. वाळू किंवा क्वार्ट्झचे दाणे मिसळलेला थर त्याहून जाड आणि कणखर. पहिल्या प्रकारावर लोखंडी कपाट एकदा ओढले तरी खालचा कोबा उघडा पडतो; दुसऱ्यावर नुसता ओरखडा उठतो. तेव्हा आपल्या गाळ्यात नेमके काय घातले आहे, याची लेखी नोंद मालकाजवळ असणे आवश्यक आहे. 'इपॉक्सी केले' एवढे पुरेसे नाही. जाता जाता हेही सांगायला हवे, की गोदामांतील बरीचशी करडी, गुळगुळीत जमीन इपॉक्सीची नसतेच. ते कठीणकारक पूड घासून केलेले काँक्रीट असते. त्याचे पथ्य वेगळे आणि या लेखाबाहेरचे.

ओल खालून येते

काँक्रीट भरीव दिसत असले तरी ते सच्छिद्र असते आणि जमिनीतील ओलावा वाफेच्या रूपाने त्यातून सतत वर येत असतो. साध्या कोब्यावर किंवा शहाबादी फरशीवर तो हवेत निघून जातो, आपल्याला कळतही नाही. इपॉक्सीचा थर मात्र ही वाट बंद करतो. मग खाली दाब साचतो, सिमेंटमधील क्षार पाण्यात विरघळतात आणि थराखाली फोड उठतो. असा फोड फोडून पाहिल्यास आत अनेकदा बुळबुळीत, तीव्र अल्कधर्मी पाणी आढळते. त्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये.

जून ते सप्टेंबर या काळात धो धो पाऊस, एका बाजूला खाडी, आणि कोब्याखाली ओलरोधक पडदा न घातलेले तळमजल्याचे जुने गाळे, हा संयोग डोंबिवलीत दुर्मीळ नाही. वरच्या मजल्यावर जी फरशी निर्धोक टिकते, तीच तळमजल्यावर किंवा तळघरात का फुगते, याचे उत्तर येथे आहे. म्हणूनच फरशी घालण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा उघड्या कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात आणि किमान १६ तास तसाच राहू द्यावा. उघडल्यावर आतून थेंब दिसले किंवा कोबा काळवंडलेला दिसला, तर काम पुढे ढकलावे किंवा आधी ओलरोधक थर द्यावा. नवीन काँक्रीट असल्यास किमान २८ दिवस वाट पाहावी लागते, ती वेगळीच.

येथे एक गल्लत नेहमी होते. पावसाच्या तोंडावर सकाळी शटर उघडले की फरशी ओलीचिंब दिसते आणि मालक घाबरतो. वातानुकूलित यंत्राने रात्रभर गार झालेल्या फरशीवर बाहेरची दमट हवा आली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. हा घाम वरचा, ओल खालची नव्हे. तो कोरड्या मॉपने टिपून घेतला आणि पंखा लावला की काम भागते. मात्र नवा थर देताना हाच घाम घातक ठरतो. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावे, असा या कामाचा दंडक आहे. तो मोडला तर घट्ट होताना थरावर पांढुरकी, चिकट साय धरते. ही साय कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन निघते. परंतु ती तशीच ठेवून वर दुसरा हात मारला, तर तो पुढे सोलून निघतो. एकूण काय, इपॉक्सीचा मुहूर्त जानेवारी ते मे. श्रावणातील उद्घाटनाची तारीख गाठण्यासाठी आषाढात फरशी ओतणाऱ्याने पुढील खर्चाची तरतूद आधीच करून ठेवावी.

फरशी ओतल्यानंतरचा पहिला आठवडाही महत्त्वाचा. साधारण चोवीस तासांनी तिच्यावर चालता येते, पण आतील रासायनिक क्रिया पूर्ण व्हायला सुमारे सात दिवस लागतात. तोपर्यंत तिच्यावर पाणी ओतू नये, साबण लावू नये, जड सामान ठेवू नये. दुकान सुरू करण्याच्या घाईत हा नियम बहुतेक जण मोडतात.

रोजची बादली

इपॉक्सीची चमक पाण्याने जात नाही, ती वाळूने जाते. चपलांबरोबर आलेला एकेक कण पायाखाली घासला जातो आणि सूक्ष्म ओरखडे उठतात. असे हजारो ओरखडे झाले की आपण म्हणतो, फरशी जुनी झाली. रस्त्यांची कामे आणि पावसाळ्यातील चिखल पाहता आपल्या शहरात या कणांचा तुटवडा कधीच नसतो. त्यामुळे या फरशीचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रभावी औषध म्हणजे दारातील पायपुसणे. तेही एकच नव्हे. बाहेर चिखल खरवडणारे खरखरीत आणि आत पाणी टिपणारे मऊ, अशी दोन, आणि दोन्ही मिळून माणसाची चार-पाच पावले पडतील एवढी लांब. महिन्यातून एकदा झटकले जाणारे पायपुसणे मात्र स्वतःच वाळूचे कोठार बनते.

प्रथम केर कोरडाच काढावा. खराटा किंवा ताठ काड्यांचा झाडू वापरू नये. मऊ ब्रश किंवा मायक्रोफायबरचा रुंद मॉप चालतो. त्यानंतर ओले पुसणे. येथे आपल्याकडील एक-बादली पद्धत फरशीच्या मुळावर येते. एकाच बादलीत पोतेरे बुडवून, त्यातच पिळून संपूर्ण गाळा पुसला, तर शेवटच्या अर्ध्या भागावर आपण पातळ चिखल सारवत असतो. दोन बादल्या घ्याव्यात. एकीत स्वच्छ पाणी व साबण, दुसरीत मळके पाणी पिळण्यासाठी. आतल्या भिंतीकडून दाराकडे यावे आणि पाणी गढूळ दिसताच बदलावे. साबण सौम्य हवा, म्हणजे ज्याचा सामू अर्थात पीएच सातच्या आसपास आहे असा. प्रमाण डब्यावर लिहिलेले असते. त्याहून जास्त घातल्याने फरशी अधिक स्वच्छ होत नाही, उलट साबणाचा पापुद्रा राहतो, त्यावर धूळ चिकटते आणि दुसऱ्या दिवशी पावलांचे ठसे उमटतात. पाणी बोअरचे किंवा टँकरचे जड असेल तर हा थर आणखी पांढरा दिसतो. अशा वेळी शेवटचा हात नुसत्या पाण्याचा द्यावा आणि लगेच कोरडे करावे.

मोठ्या जागेत पाणी सोडून घासणारे आणि तेच पाणी शोषून घेणारे यंत्र सोयीचे पडते. त्यात पांढरा किंवा लाल मऊ पॅड लावावा. काळा आणि तपकिरी पॅड जुना थर खरवडून काढण्यासाठी असतो. तो इपॉक्सीवर फिरवला तर एका दुपारी वर्षभराची झीज होते. भांडी घासण्याच्या तारेच्या चोथ्याबद्दल वेगळे सांगायला नको, तरी तो दिसतोच.

बाटलीतील धोका

सफाईच्या कपाटात डोकावले तर साधारण तीन बाटल्या आढळतात : फिनेल, ॲसिड आणि ब्लीच. तिन्हींबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण येथे प्रश्न केवळ चमकेचा राहत नाही.

फिनेल, मग ते काळे असो वा पांढरे, मागे तेलकट थर ठेवते. वासामुळे स्वच्छतेचा भास होतो, पण गुळगुळीत फरशीवर तो थर घसरडा असतो आणि धूळ धरून ठेवतो. रुग्णालये व प्रयोगशाळांनी जंतुनाशक वापरायचेच, परंतु ते आधी मळ काढून, ठरवलेल्या प्रमाणात आणि नंतर पुसून.

ॲसिड म्हणजे संडास धुण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल. इपॉक्सीला ते तत्काळ खात नाही, हे खरे आणि म्हणूनच फसवे. प्रथम चमक मंदावते. मग ते ओरखड्यांतून आणि सांध्यांतून खाली उतरते आणि तेथील सिमेंटवर तुटून पडते. पकड सुटते, वरचा थर पोकळ वाजू लागतो. बोटाने टकटक केल्यावर 'ठक' ऐवजी 'डब' असा आवाज आला, तर खालची पकड गेलेली आहे असे समजावे.

सर्वांत गंभीर बाब म्हणजे मिश्रण. डाग निघत नाही म्हणून ॲसिडवर ब्लीच किंवा ब्लीचवर ॲसिड ओतले जाते आणि क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. उभ्या असलेल्या मालकाला नुसता वास येतो. उकिडवे बसून घासणाऱ्या बाईच्या नाकातोंडाशी मात्र तोच असतो. बंद तळघरात किंवा बिनखिडकीच्या स्वच्छतागृहात हा प्रकार जिवावर बेतू शकतो. 'दोन बाटल्या कधीही एकत्र करू नयेत' हे वाक्य मोठ्या मराठी अक्षरांत कपाटाच्या दारावर चिकटवण्यास फारसा खर्च येत नाही. डब्यांवरील सूचना बहुतांशी इंग्रजीत असतात आणि त्या वाचण्याची अपेक्षा जिच्याकडून केली जाते, तिला त्या कोणी वाचून दाखवलेल्या नसतात.

थिनर, ॲसिटोन आणि रंग काढण्याची द्रावणे हीदेखील वर्ज्य. च्युइंग गम किंवा चिकटपट्टीचा गोंद काढण्यासाठी थिनरचा बोळा फिरवला तर गोंदाबरोबर चमकही जाते. गमवर बर्फ ठेवून तो कडक करावा आणि प्लास्टिकच्या पट्टीने उचलावा.

हळद, कुंकू आणि नारळ

परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकांत न सापडणारे काही डाग आपल्याकडे आहेत. खंडेनवमी-दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा होते आणि हळद-कुंकू जमिनीवर सांडते. हळद फिकट इपॉक्सीवर चटकन बसते. घाईघाईने त्यावर धुण्याचा सोडा किंवा कडक साबण चोळला की पिवळा डाग लाल होतो, कारण अल्कलीच्या संपर्कात हळद रंग बदलते. कुंकू मुळात असेच बनवले जात असे. तेव्हा पूड आधी कोरडी टिपावी, मग सौम्य साबणाने पुसावे. उरलेला पिवळेपणा उजेडाने हळूहळू विरतो. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. खरा शहाणपणा म्हणजे पूजेआधी यंत्रासमोर पाट मांडणे आणि नारळ बाहेरच्या दगडावर फोडणे. टणक वस्तूचा एका ठिकाणी बसलेला घाव हा थर सोसत नाही.

रांगोळीचेही तसेच. ती मुळात दगडाची पूड. दिवाळीत दुकानाच्या उंबऱ्यावर काढलेली रांगोळी गिऱ्हाइकांच्या पायांनी आत पसरते आणि पॉलिश कागदासारखे काम करते. ती मॉपने ओढू नये, केरभरणीत उचलावी.

स्वयंपाकघरांबद्दल मात्र स्पष्टच लिहायला हवे. पोळी-भाजी केंद्रे हे डोंबिवलीचे भूषण आहे आणि त्यांपैकी काही आता मोठ्या प्रमाणावर उत्पादन करू लागली आहेत. नीटनेटके दिसावे म्हणून तेथे इपॉक्सी घालण्याचा मोह होतो. परंतु सामान्य तापमानाला घट्ट होणारे बहुतेक इपॉक्सी सुमारे ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते. बटाट्यांचे उकळते पाणी जमिनीवर सांडले की काय होईल, हे सांगायला नको. त्यात व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्ल आणि दह्या-ताकातील लॅक्टिक आम्ल ही या राळेची जुनी वैरी आहेत. कित्येक तीव्र रसायनांना दाद न देणारी फरशी ताकापुढे हार मानते. अशा जागी पॉलियुरेथेन-काँक्रीटचा जाड थर किंवा आपला कोटा दगडच बरा, असे या प्रतिनिधीचे मत आहे. इपॉक्सी घातलेच असेल तर सांडलेले तत्क्षणी पुसावे आणि धुण्यासाठी कोमटपेक्षा गरम पाणी वापरू नये.

वाहनदुरुस्तीच्या जागेत तेल सांडले तर आधी भुसा टाकून शोषून घ्यावे, मग पातळ केलेले तेलनाशक लावून साध्या पाण्याने पुसावे. गाडी एकाच जागी दीर्घकाळ उभी राहिली की टायरमधील द्रव्ये थरात उतरतात आणि तपकिरी छाप उमटते; ती सहसा निघत नाही. खिडकीजवळचा भाग उन्हाने पिवळा पडणे हा इपॉक्सीचा स्वभाव आहे. तो मळ समजून घासत बसू नये.

घसरण आणि सांडपाणी

गुळगुळीत इपॉक्सी ओली असताना निसरडी होते. फरशी भक्कम ठेवावी आणि तिच्यावर घसरण्याजोगे काही राहू देऊ नये, हे बंधन १९४८ च्या कारखाना अधिनियमाने कलम ३२ मध्ये घातले होते, तर आठवड्यातून किमान एकदा कामाच्या खोलीची जमीन धुऊन वा अन्य परिणामकारक रीतीने स्वच्छ करावी, असे कलम ११ सांगत असे. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. प्रवेशद्वार, उतार आणि धुण्याच्या जागी दाणेदार पृष्ठभाग करून घ्यावा. तो मॉपने स्वच्छ होत नाही, त्याला ब्रशच लागतो, ही तडजोड आधीच मान्य करावी. औषध कारखान्यांसाठीच्या अनुसूची 'एम'मध्येही अपेक्षा गुळगुळीत, भेगारहित आणि सहज स्वच्छ करता येणाऱ्या पृष्ठभागाची आहे. म्हणजे एखादी भेग ही तेथे केवळ सौंदर्याची बाब उरत नाही.

एमआयडीसीतील कारखान्यांना आणखी एक पथ्य आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये येथील एक रस्ता रंगद्रव्याने गुलाबी झाला आणि त्याची छायाचित्रे राज्यभर पोहोचली. कारखान्यातील जमिनीवरची पूड ही घरातील धूळ नव्हे, याचा तो जाहीर दाखला होता. अशी पूड पाणी मारून गटारात लोटू नये. औद्योगिक व्हॅक्यूमने किंवा ओलसर कापडाने टिपून घातक कचऱ्यात द्यावी. पूड पेट घेणारी असेल तर व्हॅक्यूमही त्यासाठी खास बनवलेला हवा. फरशी धुतलेले पाणी कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रियेतच गेले पाहिजे. पावसाळी गटारात सोडलेले पाणी शेवटी खाडीत जाते. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणावरून राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये येथील यंत्रणांना दंड ठोठावला होता, तो अशाच अनेक बादल्यांचा एकत्रित हिशेब होता.

डागडुजी केव्हा

ओरखडा कोब्यापर्यंत पोहोचला असेल तर तो त्याच आठवड्यात भरून घ्यावा, कारण तेथून पाणी आत शिरते आणि नाण्याएवढे छिद्र ताटाएवढे होते. भोवतालचा सैल भाग चौकोनी कापून, धूळ काढून, पूर्ण कोरडा करून मगच नवे मिश्रण भरावे. शिल्लक राळ व हार्डनर जपून ठेवावे, पण डब्यावरील मुदत पाहूनच वापरावे. मिश्रण कालवताना हातमोजे अनिवार्य आहेत. घट्ट न झालेले इपॉक्सी त्वचेची ॲलर्जी निर्माण करते. ती एकदा जडली की पुढे थोड्याशा स्पर्शानेही उफाळते आणि कामगाराला हा व्यवसाय सोडावा लागू शकतो. हाताला लागलेले थिनरने काढण्याची सवय तर अधिकच घातक, कारण थिनर त्वचेचा संरक्षक थर काढून टाकतो. साबण आणि पाणी पुरे.

वर्दळीच्या पट्ट्यातील चमक संपूर्ण गेली, पण रंग शाबूत आहे, हा नवा हात देण्याचा योग्य क्षण. त्या वेळी हलके घासून एक पातळ थर पुरतो. कोबा दिसू लागेपर्यंत थांबल्यास सारे खरवडून नव्याने ओतावे लागते, गाळा आठवडाभर बंद राहतो. पाहणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात करावी. तेव्हा फोड आणि पोकळ जागा लपत नाहीत. फेब्रुवारीत कंत्राटदार बोलवावा आणि त्याच्यासमोर प्लास्टिकचा तो दीड फुटी तुकडा स्वतः जमिनीवर चिकटवावा.